दाजींचे स्वस्तातले टायर

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला घरातून नेलं, आणि जिथं त्यांचं डोकं होतं तिथल्या पिठावर सायकलच्या टायरचा ठसा उमटला. हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर म्हणाल, गड्यानं सायकलच्या गप्पा मारत मारत भुताच्या गोष्टीत नेऊन सोडलं. मी भुताखेताचा माणूस नव्हे. सांगलीत पोरांना मशिनरी शिकवण्यात आयुष्य गेलं, सायकलचा नाद आहे, आणि कुठल्याही गोष्टीवर माझं मत तयार असतं, कुणी विचारो न विचारो. बायको म्हणते, ह्यांना देवळात नेलं तर देव राहतो बाजूला, हे घंटेचा नट बघत बसतात. खोटं नाही ते.

पिठाचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं मयत उचललं की त्या जागी दिवा लावतात, पिठाचा पातळ थर पसरतात आणि वर बुट्टी, म्हणजे बांबूची टोपली, पालथी घालतात. माणसं स्मशानातून परत आली की बुट्टी उचलायची आणि पिठात काय उमटलंय ते बघायचं. पाखराचा पाय दिसला तर गेलेला माणूस पाखराच्या जन्माला गेला, लहान पाऊल दिसलं तर माणसाच्या. बहुतेक वेळा काहीच नसतं, फार तर मुंगी फिरलेली असते, आणि म्हातारी माणसं त्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढतात.

दाजींच्या वेळी त्यांच्या म्हाताऱ्या चुलत्यांनी बुट्टी उचलली. पिठात दोन बोटं रुंदीची पट्टी होती, बुट्टीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, सरळ. मागून कुणीतरी म्हणालं, "नाग." सगळ्या बायांनी हात जोडले. चुलते गुडघ्यावर हात ठेवून वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "नागाला नक्षी नसती." मधोमध बारीक शंकरपाळ्यांच्या रांगा होत्या आणि दोन्ही कडांना गुटळ्या. ती नक्षी मी त्याच आठवड्यात मोबाइलवर बघितली होती आणि तिला मनसोक्त नावं ठेवली होती. मी वर बघितलं तर आक्का माझ्याकडंच बघत होती. तिलाही ओळखू आलं होतं. सायकल मागच्या पडवीत उभी होती, चाकाला साखळी, साखळीला कुलूप, आणि किल्ली आक्काच्या कनवटीला. घरात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती, सायकल कोण फिरवणार?

बाकीच्यांनी नागच धरला.

दाजी फौजेतून रिटायर होऊन रहिमतपूरजवळच्या आपल्या गावी ऊस करत होते. डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं तर म्हणाले, "चालणं नोकरीत लय झालं, आता चाकावर बसतो," आणि सायकल घेतली. तेव्हापासून आमचं जे सूत जमलं ते त्यांच्या भाऊबंदांना बघवेना. आक्का म्हणायची, "मी मधी हायच कशाला, तुमीच एकमेकाचं सोयरं." रोज संध्याकाळी फोन. किती हवा भरली, कुठल्या रस्त्याचं काम काढलंय, कुठं कुत्रं मागं लागलं. आणि रोज भांडण. भांडणाशिवाय आमचा फोन खाली ठेवला गेला नाही.

शेवटचं भांडण टायरवरचं. त्यांनी ऑनलाइन मागवले होते, अगदी स्वस्तातले, आणि व्हिडिओ कॉलवर मला दाखवत होते. "बघ पाव्हण्या, डांबरीवर बी चालतंय, खडीवर बी चालतंय."

"दाजी, ज्याला दोन्ही जमतं म्हणतात त्याला एकही धड जमत नाही," मी म्हणालो. "आणि या किमतीत रबर येत नाही, नुसता रबराचा वास येतो. बाजूची भिंत बघा, पापडासारखी आहे. खडीची धार लागली की उभा फाटणार. ओल्या डांबरीवर घसरणार. बाभळीचा काटा तर आत येऊन तुम्हाला रामराम करील."

"तू वापरून बघितलंस काय?"

"बघायला कशाला पाहिजे? अक्कल आहे ना."

"अक्कल तुझ्यापाशीच ठेव. पैज लाव. परवा सकाळी निघतो. कऱ्हाडपातूर डांबरी, तिथनं कॅनॉलचा कच्चा रस्ता, मग आष्ट्यावरनं सांगली. तुझ्या दारात येऊन हुबा ऱ्हातो. तू तुझ्या तोंडानं म्हणायचं, दाजी, टायर चांगलं हाय."

"मेलो तरी म्हणणार नाही."

"बघू," ते म्हणाले आणि हसले. दात पुढं असल्यामुळं त्यांचं हसू आधी दिसायचं, आवाज मागून यायचा.

त्या दिवशी ते पहाटे उठले, बाटली भरली, हवा दाबून बघितली आणि बूट घालायला कॉटवर बसले. तसेच कलंडले. एक बूट पायात होता, दुसरा हातात. हार्ट, म्हणाले डॉक्टर.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. ताटकळत ठेवलं नाही की काही नाही, पहिला घास त्यानंच उचलला. सगळे सुटकेचा श्वास टाकून जेवायला बसले. मला वाटलं, झालं, पिठाचा जो काय खेळ होता तो संपला. ओल आली असेल, बुट्टीच्या विणीचा वळ उमटला असेल. मनाची समजूत घालायला शिकलेला माणूस बरोबर काहीतरी शोधतोच.

मग आक्काचा फोन आला. "आरं, पहाटं अंगणात खडी वाजती." चिखल होऊ नये म्हणून दाजींनीच अंगणात बारीक खडी टाकून घेतली होती. "करकर करत दारापातूर येती. हुबी ऱ्हाती. मग परत जाती."

"कुत्रं असेल."

"कुत्र्याला चाकं हायती व्हय?"

महिन्याच्या विधीला गेलो तेव्हा तिनं मला हाताला धरून पडवीत नेलं. "तुझं शिक्षण हाय ना ह्यातलं? बघ." मी वाकून टायर बघितला. नव्या टायरवर साच्यातून आलेले रबराचे बारीक केस असतात, उंदराच्या मिशीएवढे. गाडी चालायला लागली की मधले केस आधी झडतात, कडेचे राहतात. मयताच्या दिवशी ते केस सगळे जागेवर होते, मी बघितलं होतं, कारण मयतातही माझी नजर टायरवर गेली होती. आता मधले एकूण एक झडलेले होते. शंकरपाळ्यांच्या खाचांत पांढरा मुरूम बसला होता. साखळीवर धूळ होती, कुलपाला गंज चढायला लागला होता आणि सीटवर कोळ्यानं जाळं केलं होतं. म्हणजे सायकल हललेली नव्हती आणि टायर फिरलेला होता. मी बोट लावलं तर रबर कोमट लागलं. पडवीला उन्हं येत नाहीत.

"कुणीतरी फिरवतंय," मी उगाच म्हणालो.

"व्हय. त्येच."

मी चिडलो. मला भीती वाटली की मी चिडतो, तो माझा जन्माचा स्वभाव आहे. म्हटलं, आक्का, कावळा शिवला ना? मग इच्छा राहिली म्हणतेस ती कसली?

"इच्छा न्हाई राहिली," ती शांतपणे म्हणाली. "ह्ये इच्छेचं न्हाई. ह्ये पैजेचं हाय. त्येंनी निघालो म्हणून सांगितलं हुतं, त्ये निघालं. तू कबूल करस्तवर त्ये काय थांबायचं न्हाईत. फौजेतलं माणूस हाय, अर्ध्यात माघारी न्हाई यायचं."

तिचं जेवण तुटलं होतं. गळ्याची हाडं वर आली होती. मुलगा फौजेत, तो तिला आपल्या क्वार्टरवर न्यायला तयार होता, पण ती उंबरा ओलांडेना. दाराला रात्रंदिवस कडी नाही. "त्ये दारात आलं आन् दार लावलेलं दिसलं तर?" चुलत्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वर्ष भरायच्या आत त्यो मोकळा झाला पायजे. न्हाईतर ही बी त्येच्या मागनं जाईल. तुज्याच तोंडाचं काम दिसतंय ह्ये, बग काय ते." मला बहीण एकच आहे. आई गेल्यावर माझ्या पानात भाकरी वाढणारी तीच.

म्हणून मी पडवीत सायकलसमोर उभा राहिलो आणि मोठ्यांदा म्हणालो, "दाजी, टायर चांगले आहेत. हरलो मी."

आक्का मागून म्हणाली, "असं न्हवं. शाळेतल्या कवितेवानी म्हणतोस. तुझा खोटेपणा त्येंला माझ्याआधी कळतोय. चालवून बघ, आन् खरं काय त्ये सांग. वाईट असलं तर वाईट सांग. पर खरं सांग, आन् मोकळं कर त्येंला."

दिवाळी झाल्यावर, थंडी पडल्यावर, मी एसटीनं गावी गेलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडायला दाजींच्या सायकलवर बसलो. कुलूप तेल घालून काढावं लागलं. आक्कानं डबा दिला, सायकलच्या हँडलला हळदकुंकू लावलं आणि कुणाला तरी सोडायला जावं तशी फाट्यापर्यंत चालत आली. परत फिरताना तिनं माझ्याकडं नाही, मागच्या चाकाकडं बघून हात केला.

आता टायरबद्दल. मी ठरवलं होतं की काय वाटेल ते होवो, परीक्षा रीतसर घ्यायची. डांबरीवर पहिल्यांदा मला आनंद झाला, कारण टायर जड होते. चढाला पाय सांगत होते, बघ, म्हटलं नव्हतं? पण वेग धरल्यावर तो जडपणा कुठं गेला कळेना. मसूरच्या अलीकडं ट्रॅक्टरांनी उसाचं पाचट आणि शेतातला चिखल रस्त्यावर सांडला होता, दवानं सगळं निसरडं झालं होतं. मी मुद्दाम त्यावरून वळण घेतलं. मुद्दाम ब्रेक दाबला. टायर जमीन धरून बसला. माझे महागाचे टायर तिथं नक्की सटकले असते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं मी टायरच्या बाबतीत जन्मभर केलं, हे मला तिथं चिखलात उभं राहून कळलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

एका फाट्यावर चहाला थांबलो. टपरीवाला गाळणं पिळत होता. त्यानं आधी सायकलकडं बघितलं. "आज थांबलासा व्हय? रोज तर तसंच जाता."

"मी आज पहिल्यांदाच येतोय इकडनं."

"तुमी असाल पहिल्यांदा. सायकल रोजची हाय."

"कोण असतं तिच्यावर?"

त्यानं जरा विचार केला. कपाळाला आठी घातली, चहाचा गंज खाली ठेवला, पुन्हा विचार केला. "आता बघा की," तो म्हणाला, "त्ये काय ध्यानातच येत न्हाई." मग मी पैसे द्यायला लागलो तर तो मागं सरकला. "असू दे, असू दे. जावा तुमी."

अर्धा कप ठेवून माघारी जावंसं वाटलं. पण परत फिरायची वाट आणि पुढं जायची वाट, दोन्हींवर तीच सायकल रोज जात होती, मग परत फिरून तरी काय मिळवलं असतं?

कऱ्हाडच्या पुढं मी कॅनॉलच्या काठाचा कच्चा रस्ता धरला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उंच ऊस, आणि दोन्हींवर धुकं. उसाच्या पानांवरून दव टपटपत होतं. माणूस नाही, काणूस नाही. रस्त्यावरचा मुरूम ओला होता आणि त्यावर माझ्यापुढं एक टायरचा ठसा गेलेला होता.

मी उतरलो. खाली बसून बघितलं. मधे शंकरपाळ्या, कडेला गुटळ्या. मुरमाच्या कडा अजून ओल्या, उभ्या होत्या. म्हणजे नुकताच गेलेला. एवढ्यानं मी घाबरलो नसतो, असले टायर ऑनलाइन हजारो विकले जातात. पण सायकलला दोन चाकं असतात. सरळ रस्त्यावर मागचं चाक पुढच्याच्या ठशावर चालतं, वळणावर मात्र दोन ठसे वेगळे होतात, कुणाचीही सायकल असो. ही पोरांना फळ्यावर शिकवायची गोष्ट आहे. कॅनॉल वळत होता, रस्ता वळत होता, आणि तो ठसा एकच्या एकच वळत होता. पिठात होता तसाच.

भ्यालो. सरळ सांगतो, भ्यालो. पण कॅनॉलवर शिरलं की पुढच्या पुलाशिवाय बाहेर पडता येत नाही. मी त्या ठशावरूनच चाललो.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की ठसा मधेच कड बदलतो. डावीकडं सरकला की उजवीकडं बाभळीची फांदी पडलेली असायची. उजवीकडं गेला की डावीकडं फुटकी बाटली. मोठ्या धोंड्याला वळसा, खड्ड्याला वळसा. मी मागून आपला सुखरूप, काट्याला स्पर्श नाही. बराच वेळ मला ते बरं वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला आणि माझी भीती पार पळाली, इतका राग आला.

"आवं दाजी!" मी धुक्यात ओरडलो. "चीटिंग आहे ही! काटे चुकवून टायर चांगले ठरत नसतात!"

पलीकडं उसात पाखरं उडाली. माझाच आवाज पाण्यावरून परत आला.

मी हँडल वळवलं, तो ठसा सोडला आणि समोर बाभूळ तोडून टाकली होती तिच्यावरून सायकल घातली. पुढं रस्त्याच्या कामाची हातफोडी खडी पसरलेली होती, सुरीसारख्या धारेची, तिच्यावरून मुद्दाम कडेकडेनं नेली, भिंत घासावी म्हणून. दात खुळखुळले. कानात फस्स व्हायची वाट बघत होतो. काही झालं नाही. उतरून चाक फिरवून बघितलं. रबरात काटे रुतले होते, मोडून पडले होते, आतपर्यंत एकही गेला नव्हता. भिंतीवर पांढरे ओरखडे होते, चीर नव्हती. मी नखानं उचकटून बघितलं. हाताला काही लागलं नाही.

मान वर केली तर पुढचा रस्ता कोरा होता. ठसा मागं कुठंतरी संपला होता. मी सायकलवर बसलो, निघालो, आणि माझ्या मागं खडी वाजायला लागली.

करकर, एकसारखी. मी हळू झालो की हळू. थांबलो की बंद. मागं बघायचं नाही, एवढंच मला कळत होतं. का बघायचं नाही हे विचाराल तर सांगता येणार नाही. मयताला पोचवून परत येताना मागं वळून बघू नये हे लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे, तेच असेल. मानेवर थंड वारा लागत होता, वारा मात्र समोरून होता. मी बोलायला लागलो. काय बोलावं कळेना, तर रोजच्या फोनवर बोलायचो तेच बोलत सुटलो. हवा थोडी कमी ठेवली आहे, दाजी. कऱ्हाडच्या अलीकडं रस्ता पुन्हा खणलाय. तुमच्या सीटची उंची चुकीची आहे, गुडघे जातील अशानं. यावर मागची खडी जरा जोरात वाजली. मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. मयतातही मी रडलो नव्हतो.

पूल आला, मी वर चढून डांबरीला लागलो, तरी मागं रबराची बारीक घूं ऐकू येत होती. नदी ओलांडली. आष्ट्यात बाजार होता. म्हशी, टेंपो, भाजीवाल्या, लाउडस्पीकर. त्या गोंधळातून बाहेर पडून मोकळ्या रस्त्याला आलो तेव्हा मागं काहीच नव्हतं.

मला हायसं वाटायला हवं होतं. मी सायकल कडेला घेतली आणि उभा राहिलो. दिवसाढवळ्या, रस्त्याच्या कडेला, शहाणासुरता माणूस, एका पायावर सायकल तोलून मेलेल्या मेव्हण्याची वाट बघत होतो. उसाच्या ट्रॉल्या गेल्या, शाळेची बस गेली. एकानं थांबून विचारलं, "काका, पंक्चर काय?" मी म्हणालो, नाही, पंक्चर नाही. दाजी आले नाहीत.

घरी पोचलो तर बायको दारातच होती. तिनं सायकल बघितली, माझं तोंड बघितलं आणि पाणी आणलं. मी पायरीवर बसून दोन्ही टायर पुन्हा तपासले, पोरांची जर्नल तपासायचो त्या खडूसपणानं. डांबरीवर चांगले. मुरमावर उत्तम. खडीवर माझ्या महागाच्या टायरांच्या तोंडात मारतील असे. पैज मी हरलो होतो, आणि आता फक्त ते तोंडानं म्हणायचं राहिलं होतं. म्हटलं की संपलं. मग रोज संध्याकाळी मी भांडणार कुणाशी?

पण आक्काचं काय? तिच्या गळ्याची हाडं डोळ्यांपुढं आली. मी मन घट्ट केलं आणि फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिनं उचलला.

"आक्का, पोचलो. ऐक, टायर..."

"थांब," ती म्हणाली.

"अगं, सांगतोय ना. खरं काय ते सांगतोय. चालवून बघितलं रीतसर. टायर..."

"सांगू नको."

तिचा श्वास ऐकू येत होता.

"तू गेलास," ती म्हणाली, "आन् त्येच्यापास्नं अंगणात काय न्हाई. दिसभर न्हाई. मी तिथंच बसून हाय. पान वाजंना, पाखरू येईना. घर कसं गप पडलं रं. अशी एकली मी कवाच न्हवते, त्ये गेले त्या दिवशी बी न्हवते. तुझ्या मागनं आले हुते न्हवं त्ये?"

"आले होते. कॅनॉलवर. आष्ट्यापर्यंत."

"तुझ्याशी बोलले काय?"

"मीच बोललो."

ती रडायला लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडली, तोंडात पदर न घालता, लहान मुलीसारखी. मी तिला रडू दिलं. मग हळूच म्हणालो, "आक्का, तूच म्हणाली होतीस, मोकळं कर त्यांना. चुलते म्हणतात, वर्षाच्या आत..."

"चुलत्याला काय जातंय सांगायला? त्येचं कोण गेलंय?" ती एकदम तडकली, अगदी माझी बहीण. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नको मोकळं करू. एवढ्यात नको. लेका, तुला टायर एका दिवसात कसं कळंल? नीट बघ. उन्हाळा बघ, पाऊस बघ. घाई करू नको. आन् त्येंनी विचारलं तर म्हणावं, अजून बघतोय."

"आणि तू जेवणार का?"

"त्ये परत आले तर जेवीन."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिचा फोन आला. फोन नुसता अंगणाकडं धरून उभी होती. मी ऐकलं. बायकोच्या कानाला लावला, तिनंही ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. मागून भांड्याचा आवाज आला, आणि आक्का म्हणाली, "ठेवते आता. चूल पेटवायची हाय."

आता आक्का भाकरी खाते, अंगावर थोडं मांस धरलंय, मुलाकडं चार दिवस राहूनही आली. जाताना दाराला कडी लावली नाही, शेजारणीला बसवून गेली. दाजींची सायकल माझ्याकडं आहे आणि मी ती उन्हात, चिखलात, खडीवर सगळीकडं घालतो. टायर झिजायचं नाव घेत नाहीत. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपात ही स्वस्तातली जोडी घ्यावी की नको यावरून सारखा वाद चालतो, आणि शेवटी सगळे माझ्याकडं वळतात, कारण मी ती वापरतो हे सगळ्यांना दिसतं. मी म्हणतो, अजून काही सांगता येत नाही. ते हसतात. म्हणतात, सर, तुमचं मत नाही असं कधी झालंय का? नाही झालं. पण रोज पहाटे माझी बहीण अंगणातली खडी ऐकून उठते आणि चूल पेटवते, तोवर माझं तोंड बंद आहे.